एअरबॅगचा दिवा विझवू नका, तो का लागलाय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या एका गृहस्थांनी सहा महिन्यांपूर्वी २०१७ सालची सेकंडहँड हॅचबॅक घेतली. पुढे दोन एअरबॅग आहेत. पावसाळा संपत आला तसा डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागला, तो विझेचना. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "वायरिंगचं किरकोळ काम आहे, दिवा बंद करून देतो." मेव्हणे म्हणतात, दोन एअरबॅगची गाडी घरात ठेवूच नका, सहावाली घ्या. गाडी बहुतेक वेळा पत्नी चालवते. तिची उंची पाच फूट, त्यामुळे सीट पार पुढे ओढून बसते. चार वर्षांची मुलगी आहे, मागे आई-वडील असतात. एअरबॅग नेमकं करते काय, आपल्या गाडीतल्या वेळेला उघडतील का, आणि गाडी बदलायला हवी का, हे त्यांना जाणून घ्यायचंय.

मी चोवीस वर्षं मुंबई-ठाण्यात मोटर सर्व्हेअर म्हणून काम करतो. अपघातानंतर विम्याच्या क्लेमसाठी गाडी तपासायला येतो, तो माणूस. त्याआधी काही वर्षं सीटबेल्ट बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. चेपलेल्या गाडीशेजारी उभं राहून आत बसलेल्यांचं काय झालं असेल ते वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ते वाचताना आजही पोटात कालवतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात उत्तर. दिवा बंद करू देऊ नका. गाडी विकायची घाई नको. पत्नीची सीट आजच मागे सरकवा, मुलीला पुढे बसवणं आजपासून बंद करा, आणि आई-वडिलांना मागच्या सीटवर बेल्ट लावायला सांगा, अगदी नाक्यावरच्या मंडईत जायचं असलं तरी. आता यामागची कारणं.

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला वेगच वाटत नाही. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला भांडुपपाशी रात्री अकरा वाजता कुणी ५० ने चाललं तर मागचा हॉर्न वाजवून हैराण करतो. पण त्या वेगाने भिंतीला धडकणं म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून खाली पडणं, चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत गाड्या समोरून ६४ च्या वेगाने आदळवून बघतात आणि त्यावरून तारे देतात. त्या वेगाला हीच उंची १६ मीटर होते, म्हणजे पाचवा मजला. ५० चे ६४ झाले की आकडा थोडासाच वाढल्यासारखा दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती दीडपटीच्याही वर जाते.

दहीहंडीत वरचा गोविंदा निसटतो तेव्हा खालची पोरं काय करतात ते डोळ्यांसमोर आणा. हात वर करून उभी असतात, पण हात ताठ धरत नाहीत. पोरगा हातांवर आला की हात त्याच्याबरोबर खाली येतात, गुडघे वाकतात, सगळा घोळका अर्धा-पाऊण मीटर खचतो. तेवढ्या खचण्यात त्याचा वेग मुरतो. तोच पोरगा डांबरावर आला तर थांबायला त्याला दोन-चार सेंटिमीटरही मिळत नाहीत.

गाडीतली सगळी सुरक्षा याच हिशोबावर उभी आहे: थांबायला किती सेंटिमीटर मिळतात. ५० च्या वेगातला माणूस ६० सेंटिमीटरमध्ये थांबला तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी सोळापट भार येतो. बेल्ट नीट लावलेलं धडधाकट शरीर तो सोसू शकतं. तोच माणूस ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, म्हणजे छाती थेट स्टिअरिंगवर गेली, तर भार जवळजवळ दोनशेपट होतो. तो कुणालाच सोसवत नाही.

हे सेंटिमीटर एकट्या एअरबॅगमधून येत नाहीत, आणि लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. सुरुवात होते बंपरच्या आत. बाहेरून दिसतं ते नुसतं प्लास्टिकचं कातडं. त्याच्या मागे फोमचा लांब ठोकळा असतो. गॅरेजमध्ये त्याला सरसकट 'थर्माकोल' म्हणतात, पण बहुतेक गाड्यांत तो पॉलिप्रॉपिलीन फुगवून बनवलेला असतो, ज्याला ईपीपी म्हणतात. हेल्मेटमधला थर्माकोल एकदा चेपला की कायमचा चेपतो. हा दाबला तर बराचसा पूर्ववत होतो, म्हणून पार्किंगमधले बारीक धक्के तो पुन्हा पुन्हा खातो. शिवाय पादचाऱ्याचा पाय बंपरला लागला तर मागच्या लोखंडी पट्टीआधी हा फोम मध्ये येतो. फोमच्या मागे ती लोखंडी पट्टी, पट्टीच्या मागे दोन बाजूंना चेपण्यासाठीच बनवलेले डबे, आणि त्यांच्या मागे लाँग मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे दोन लांब लोखंडी दांडे. मोठ्या धडकेत हे सगळं बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं घड्या घालत मिटत जातं. गाडीचं नाक मुद्दाम चेपू द्यायचं आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र कडक ठेवायचा, ही कल्पना बेला बारेनी या इंजिनिअरची. मर्सिडीझने ती १९५९ साली रस्त्यावर आणली. 'पूर्वीच्या गाड्या काय दणकट होत्या' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की त्या गाडीचा दणकटपणा आतल्या माणसाला थांबायला जागा देत नव्हता.

तुमची गाडी सेकंडहँड आहे, म्हणून पहिली तपासणी इथेच करा. पुढचा बंपर मधोमध अंगठ्याने दाबा. आत फोम असेल तर थोडं दबून ठोस लागतं. नसेल तर प्लास्टिक डबडब आवाज करत आत जातं. स्वस्तात डेंटिंग-पेंटिंग केलेल्या किती गाड्यांत हा फोम परत बसवलेलाच नसतो, हे मी मोजणं सोडून दिलंय. बाहेरून गाडी चकाचक दिसते, बिलात बंपर लावलेला असतो, आणि आत पोकळी. जे दिसत नाही ते गाळलं जातं, आणि नेमकं तेच जीव वाचवणारं असतं, याची मला फार चीड आहे.

दरवाजांचंही तसंच. आतल्या कव्हरमागे, बसल्यावर आपलं कंबरेचं हाड येतं त्या उंचीला, काही गाड्यांत फोमचा जाड ठोकळा असतो. बाजूने गाडी आदळली तर माणूस आणि दरवाजा यांच्यात एक वीतभर जागा, तिथे तोच काय तो आधार. मोठे स्पीकर बसवायला तो कापून फेकलेला मी पाहिलाय. तुमच्या आधीच्या मालकाला गाण्यांची हौस असेल तर दरवाजाचं कव्हर उघडून बघा.

आणि पुढे लोखंडी गार्ड लावलेला असेल तर काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की असे क्रॅश गार्ड बेकायदा आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे: गार्ड थेट चासीला बोल्टने कसलेला असतो, म्हणून धक्का फोम आणि चेपणारे डबे ओलांडून सरळ मागे जातो. एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे बॅग कधी उघडायची ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, ज्या हिशोबाने धडक ओळखतं, तो हिशोबही त्याने बिघडू शकतो.

यानंतर बेल्ट. त्याला मी एअरबॅगपेक्षा वरचा मान देतो. तीन जागी अडकणारा आजचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी केला, १९५९ साली, म्हणजे मर्सिडीझचं चेपणारं नाक आलं त्याच वर्षी. व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं केलं. गाडीचं नाक चेपत असतं तेवढ्या वेळात बेल्ट तुम्हाला सीटशी बांधून ठेवतो, म्हणजे नाक चेपण्याचे सेंटिमीटर तुमच्या वाट्याला येतात. बेल्ट नसेल तर गाडी थांबत असते आणि तुम्ही मात्र त्याच ५० च्या वेगाने पुढे जात राहता. नाक चेपून मिळालेली सगळी जागा वाया जाते. चांगल्या बेल्टमध्ये धडक होताच बारीक स्फोटाने पट्टी काही सेंटिमीटर आत खेचली जाते, म्हणजे ढिलाई जाते. मग छातीवर भार फार वाढला तर आतली एक सळई पिळत पट्टी थोडी थोडी सोडते. ढिलाई काढायची आणि मग बेतानेच सोडायचं, ही दोन उलटी कामं तो पाव सेकंदाच्या आत करतो. मला आजही त्याचं कौतुक वाटतं.

बेल्ट लावला होता की नाही, हे मला गाडी सांगते. खांद्याजवळच्या कडीतून पट्टी जाते, तिथल्या प्लास्टिकवर जोरात घासल्याने वितळल्यासारखी रेघ उमटते. ती रेघ दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. मग माणूस कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे हे विचारण्याआधीच, तो बहुतेक बोलत असेल, असं मनात येतं. कधी ती रेघ नसते, आणि बकलमध्ये बाजारात मिळणारी खोटी क्लिप अडकवलेली सापडते, टूंटूं आवाज येऊ नये म्हणून लावलेली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावलं होतं. तुमच्या गाडीत तशी क्लिप असेल तर फेकून द्या.

आता एअरबॅग. १९५२ सालची गोष्ट आहे. अमेरिकेच्या नौदलात काम केलेले जॉन हेट्रिक बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीने चालले होते. समोरचा अडथळा चुकवताना गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली, आणि मुलीचं डोकं आपटू नये म्हणून दोघांचे हात आपोआप तिच्यापुढे गेले. तो हात आपण सगळ्यांनी कधी ना कधी पुढे केलाय. त्यातून त्यांना हवेच्या उशीची कल्पना सुचली आणि १९५३ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. पण त्यांची उशी दाबून ठेवलेल्या हवेवर फुगायची, आणि तिला फार वेळ लागायचा. अख्खी धडक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, आपली पापणी मिटते-उघडते तेवढ्यात आटोपते. त्यात मॉड्यूलला ठरवायला सेकंदाच्या हजारातले पंधरा-वीस भाग मिळतात आणि बॅग भरायला आणखी तीसेक. एवढ्या घाईला रासायनिक पुडीच लागते. पूर्वी त्यात सोडियम अझाइड असायचं, ते पेटलं की नायट्रोजन सुटून नायलॉनची पिशवी भरायची. आता वेगळी मिश्रणं वापरतात.

त्या पुडीवरून एक गोष्ट आपल्या शहरापुरती महत्त्वाची. जपानच्या टाकाटा कंपनीने पुडीत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहिल्यावर ते खराब होतं आणि मग जळताना लोखंडी डबी फुटून तिचे तुकडे आतल्या माणसांवर उडतात. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातही, आणि जून २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मुंबईची हवा नेमकी तशीच उष्ण आणि दमट. तुमच्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या साइटवरच्या रिकॉलच्या पानावर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि रिकॉल असेल तर बदल फुकट होतो.

बॅग ही गच्च भरलेली गादी नसते. तिला मागच्या बाजूला भोकं असतात. तुमचं डोकं तिच्यात रुततं तसा गॅस त्या भोकांतून बाहेर पडतो आणि डोक्याचा वेग त्याच्याबरोबर निघून जातो. भोकं नसती तर डोकं चेंडूसारखं मागे फेकलं गेलं असतं. म्हणून बॅग फुगून झाल्यानंतर तुम्ही तिच्यावर यायला हवं. ती फुगत असताना तुम्ही आधीच तिथे असलात, तर ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर येणारं कापड तुमच्या तोंडावर आदळतं. 'बेल्ट लावला नाही तर एअरबॅग उघडत नाही' असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. काही गाड्यांत बेल्टनुसार उघडण्याची मर्यादा बदलते, बऱ्याच गाड्यांत बॅग तरीही उघडते. खरा धोका असा की बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे सरकून तिच्या तोंडाशी पोचलेला असतो.

इथे पत्नीच्या सीटचा प्रश्न येतो. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटिमीटर हवेत. टेप शोधू नका, एक वीत आणि वर दोन बोटं पुरतात. उंची कमी असेल तर सीट वर उचला, पाठ थोडी मागे कलवा, स्टिअरिंग खाली करून त्याचं तोंड छातीकडे येऊ द्या, चेहऱ्याकडे नको. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. हात स्टिअरिंगवरून आडवा टाकून चालवायची सवय असेल तर ती मोडा, बॅग उघडली तर तो हात मोडून तोंडावर येतो.

दोन वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये पाहिलेली गाडी सांगतो. फ्लायओव्हरच्या तोंडाशी दुभाजकावर चढलेली, नाक पार मिटलेलं. स्टिअरिंगमधून बॅग लोंबत होती, घड्यांत पांढरी पावडर साठलेली, आत जळकट वास. बॅगच्या मधोमध, किंचित वर, कुंकवाचा लाल ठसा, आणि त्याच्या चार बोटं खाली लिपस्टिकचा. दोन्ही ठसे बरोबर मधल्या रेषेत. सीटची रेल पाहिली तर ती व्यवस्थित मागे होती, आणि कडीवर बेल्टची रेघ. त्या बाई दुसऱ्या दिवशी स्वतः गॅरेजमध्ये आल्या, मनगटाला पट्टी होती, गालावर खरचटलं होतं, बाकी काही नाही. बंपरपासून बॅगपर्यंत प्रत्येक वस्तूने आपले सेंटिमीटर दिले होते.

आता तुमचा दिवा. चावी 'ऑन' केली की हा दिवा लागायला हवा, पाच-सहा सेकंद राहून विझायला हवा. मॉड्यूल स्वतःची तपासणी करतं तेवढा तो वेळ. लागून राहिला तर कुठेतरी दोष आहे, आणि त्या अवस्थेत बॅग उघडेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. बऱ्याच गाड्यांत दोष एकाच बाजूला असला तरी सगळी यंत्रणा बंद राहते, बेल्ट खेचणारा भागसुद्धा. तरीही लागून राहिलेला दिवा हा प्रामाणिक दिवा आहे. मला भीती वाटते ती कधीच न लागणाऱ्या दिव्याची. बल्ब काढलेला असतो, किंवा त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली असते. ही चलाखी पकडायची असेल तर चावी 'ऑन' करा आणि इंजिन सुरू न करता थांबा. एअरबॅगचा दिवा आपणहून विझायला हवा. तो ऑइलच्या दिव्यासोबत तसाच राहिला आणि इंजिन सुरू होताच दोन्ही एकदम विझले, तर कुणीतरी हात मारलेला आहे.

'दिवा बंद करून देतो' याचा दुसरा अर्थ त्याहून वाईट असतो. बॅगच्या पुडीला पेटवणाऱ्या तारेचा विजेला होणारा रोध (रेझिस्टन्स) साधारण दोन ओहम असतो. लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांना मिळणारा तेवढ्याच रेझिस्टन्सचा तुकडा कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये, खोचला की मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो. अशी एक गाडी माझ्या हाताखाली आली होती. जोरदार धडक, पण बॅग उघडलीच नाही. मालक कंपनीला शिव्या देत होते. मी स्टिअरिंगचं पॅड उघडायला लावलं. आत बॅग नव्हतीच. घडी घातलेलं गाडी पुसायचं फडकं होतं, पॅड दबू नये म्हणून कोंबलेलं, आणि कपलरमध्ये तो बारीक तुकडा. आधीच्या अपघातात बॅग उघडलेली होती, नवी घालायचा खर्च वाचवून गाडी विकली गेली होती. यांनी ती विश्वासाने घेतली होती, आणि शेजारच्या सीटवर त्यांची आई बसायची. त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून तुम्ही जो प्रश्न विचारलात, उघडतील का, त्याचा शोध असा घ्या. गाडी स्कॅनर असलेल्या अधिकृत वर्कशॉपला न्या आणि एअरबॅग मॉड्यूलमधले कोड छापून मागा. आधीची धडक त्यात नोंदलेली असू शकते. चासी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढा, बॅग कधी बदलली का ते कळेल. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची नवीन मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीच्या मॉडेलना त्या वर्षअखेरीपासून. तुमची गाडी त्याआधीची, म्हणजे तुमच्या व्हेरियंटला कारखान्यातून बॅग होत्या का, हेही चासी नंबरवरून पक्कं करा.

दोष काय असू शकेल याचा माझा अंदाज सांगतो. सीटखाली पिवळे कपलर असतात. गाडी साफ करताना, सीट मागेपुढे करताना ते हलतात, आणि यात सगळ्यात स्वस्तात सुटका होते. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही मधूनच बंद पडत असतील तर स्टिअरिंगच्या आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी, गेलेली असते, ती बदलावी लागते. बॅटरी मरायला आली तरी दिवा लागतो. पण तुम्ही लिहिलंय की पावसाळा संपताना लागला, तेव्हा मला चौथी शंका आहे. बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल गिअर लिव्हरच्या खाली, अगदी फरशीवर बसवलेलं असतं. गाडी कधी हिंदमाताला किंवा एखाद्या सबवेत बुडालेली असेल तर पाणी पहिलं तिथे पोचतं, आणि गंज महिन्यांनी वर येतो. २६ जुलै २००५ नंतर अशा गाड्या दोन-तीन वर्षं फिरत होत्या. कार्पेट उचलून खालच्या फेल्टचा वास घ्या, सीटच्या रेलचे बोल्ट बघा, बेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का पाहा. पिवळ्या कपलरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर मॉड्यूलच बदलायला हवं, आणि मागच्या मालकाशी बोलायला हवं. मल्टिमीटर लावून स्वतः काही तपासू नका, बॅगच्या तारेत करंट गेला तर ती हातात उघडेल.

पार्ट घ्यायची वेळ आली तर दरवाजा, आरसा, हेडलाइट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना घेतलात तरी हरकत नाही. एअरबॅग, बेल्ट, मॉड्यूल आणि क्लॉक स्प्रिंग मात्र नवीनच, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

मुलीबद्दल. चार वर्षांची, म्हणजे पंधरा-सोळा किलोची. ५० च्या धडकेत, वरच्याच हिशोबाने, ती अडीचशे किलोसारखी जड होते. कुणाच्याही हातांत ती राहणार नाही, मांडीवर तर नाहीच. पुढच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला बॅग येते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढे बसलेल्या एका लहान मुलाचा बॅग उघडल्यावर मृत्यू झाला, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तिच्यासाठी मागे, आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या लोखंडी कड्या, असतील तर त्यावर अडकवलेली चाइल्ड सीट घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी हे करू नका.

आई-वडिलांच्या पुढे एअरबॅग नाही, त्यांच्याकडे फक्त बेल्ट आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे गृहस्थ गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागडी होती, बॅगा भरपूर होत्या. शिवाय मागचा बेल्ट न लावलेला माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो, हे आईला सांगा. स्वतःसाठी बेल्ट न लावणारी आई सुनेसाठी लावते, असा माझा अनुभव आहे. मागचे बेल्ट सीट कव्हरखाली गाडले गेले असतील तर आधी ते बाहेर काढा.

डॅशबोर्डवर गणपती असेल. माझ्याही गाडीत आहे. पण 'एअरबॅग' असं लिहिलेल्या झाकणावर किंवा त्याच्या पुढे काही चिकटवू नका. बॅग उघडताना ते झाकण फाटून वर येतं आणि मूर्ती गोळीसारखी सुटते. माझी मूर्ती मी मधल्या खणात, स्क्रीनच्या खाली बसवली आहे, दर्शन तिथूनही होतं. पाय डॅशबोर्डवर टाकून झोपायची सवय कुणाला असेल तर तीही बंद.

मेव्हण्यांचं म्हणणं चुकीचं नाही. सहा बॅगांतल्या चार बाजूच्या असतात, आणि बाजूच्या धडकेत थांबायला जागा इतकी कमी असते की डोक्याशेजारी पडद्यासारखी उतरणारी बॅग खरंच जीव वाचवते. सरकारने सहाची सक्ती आधी ऑक्टोबर २०२२ पासून करायचं ठरवलं, मग ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत ढकलली आणि पुढे सोडून दिली. नवीन गाडी घ्याल तेव्हा सहा बॅगा आणि भारत एनकॅपचे तारे दोन्ही बघून घ्या, आणि बाजूला बॅग असलेल्या सीटला जाड शिवलेलं कव्हर चढवू नका, बॅग त्याच्या आत अडकते. पण आज हातात असलेली गाडी, बंपरमध्ये फोम, दोन जिवंत बॅगा, पाचही जणांना बेल्ट आणि मुलीला सीट, ही मी फडकं कोंबलेल्या सहा बॅगांच्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

स्कॅनरवर कोड 'बी' अक्षराने सुरू होईल, पुढे चार आकडे किंवा अक्षरं असतील. तो जसाच्या तसा लिहून पाठवा, सोबत चावी 'ऑन' केल्यावर दिवा किती सेकंद राहतो आणि हॉर्न वाजतो का, तेही. त्यावरून कपलर की मॉड्यूल हे बऱ्यापैकी सांगता येईल. तोवर मुलुंडहून ठाण्याला जाताना रात्रीचा मोकळा हायवे असला तरी पन्नासच्या आत राहा, आणि पुढच्या ट्रकपासून लांब. गाडी ट्रकच्या मागच्या फळीखाली घुसली तर फोम, डबे, लाँग मेंबर सगळे त्या फळीच्या खालून निघून जातात, आणि चांगली बॅगसुद्धा उशिरा उघडते.